पाचपैकी पाच

“नक्की वाईट आहे?” मुलीने दुसऱ्यांदा विचारलं.

बापाने हेडफोन गळ्यात उतरवले. “वाईट? ड्रमवाला एका गावाला निघालाय, गिटारवाला दुसऱ्या. आणि आमचे होणारे जावई मधल्या रस्त्यात चुकल्यासारखे ओरडतायत. मी तीनदा ऐकला अख्खा अल्बम. वैऱ्यानेसुद्धा एकदाच ऐकावा.”

“म्हणजे चालणार नाही?”

“मांजरसुद्धा थांबणार नाही ऐकायला.”

मुलगी भिंतीला टेकली. तिचे डोळे भरून आले. बापाला आपल्या जिभेची लाज वाटली. समोर कोण बसलंय हे न बघता बोलायची त्याची खोड जुनीच होती.

दिवसा तो आपल्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा आणि शुक्रवार उजाडला की नव्याने आलेल्या रॉक अल्बमांची सालं काढायला बसायचा. इंटरनेटवर वाचक त्याला ‘करवत’ म्हणत आणि ते नाव त्याला मनापासून आवडे. एका बड्या बँडबद्दल त्याने लिहिलं होतं, ‘गिटारांना ताप आलाय, गायकाला झोप आलीय, आणि टाळ्या मात्र आधीच रेकॉर्ड करून ठेवल्यात.’ ज्या नव्या गायिकेला सगळं जग डोक्यावर घेऊन नाचत होतं, तिच्याबद्दल लिहिलं, ‘दुःख खरं आहे, पण एकाच दुःखाला नऊ चाली लावल्या की ऐकणारा रडत नाही, घड्याळ बघतो.’

लोक शिव्या घालत, पण अल्बम घेण्याआधी वाचत त्यालाच. बँडवाल्यांनी फुकट तिकिटं पाठवून पाहिली, धमक्या देऊन पाहिल्या, तो बधला नाही. पाचपैकी पाच त्याने आजवर कुणालाही दिले नव्हते. करवत खोटं लिहीत नाही, एवढीच त्याची कमाई होती आणि तिच्यावर तो खूश होता.

“हे बघ,” तो नरमाईने म्हणाला, “मी याच्यावर लिहीतच नाही. झालं समाधान?”

“नाही. लिहा. चांगलं लिहा. पाचपैकी पाच द्या.”

तो हसला. मग ती हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं.

“अगं, नाक कापलं जाईल माझं!”

“बाबा, मी आजवर काही मागितलंय तुमच्याकडे?”

नव्हतंच मागितलं. आई गेल्यावर तिने निमूट घर सांभाळलं. त्याने आपल्या मित्राच्या मुलाशी तिचं लग्न ठरवलं, तेव्हाही ‘तुम्ही म्हणाल ते’ एवढंच म्हणाली. मुलगा पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत कायम नोकरीला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. तरी पोरीला तो आवडलाय की नाही, हा किडा बापाच्या डोक्यात वळवळत होता. आज तो शांत झाला. पोरीचा जीव जडलाय तर! मग कसलं नाक आणि कसलं काय.

तो लिहायला बसला. ती खुर्चीमागे उभी राहिली.

“‘होतकरू’ नको, बाबा. ‘या पिढीचा आवाज’ लिहा.”

त्याने लिहिलं.

“आणि शेवटी लिहा, असा कलावंत पाण्याच्या बाटल्या तपासत आयुष्य काढणार असेल, तर तो गुन्हा ठरेल.”

“जरा जास्तच होतंय गं.”

“होऊ दे. त्याला हेच ऐकायचंय.”

प्रेमात माणसाला तारतम्य राहत नाही, असं मनाशी म्हणत बापाने तेही लिहिलं. छापायचं बटण तिनेच दाबलं.

फोनवर जावई हुंदके देत होता. “बाबा, तुम्ही लिहिलंत म्हणजे खरंच असणार!” आठवड्याच्या आत त्याने राजीनामा दिला. त्याच्या आईने डोकं आपटलं, वडिलांनी जेवण सोडलं, पण करवतीच्या शब्दापुढे कोण काय बोलणार?

वाचकांनी अल्बम ऐकला आणि मग करवतीला सोलून काढलं. ‘दात पडले म्हाताऱ्याचे,’ एकाने लिहिलं. कुणीतरी नातंही शोधून काढलं. एका जुन्या वाचकाने नुसतंच लिहिलं, ‘तुमच्यावर विश्वास होता.’ हे वाक्य बापाच्या काळजात रुतून बसलं.

अल्बम बुडाला, बँड फुटला. प्रयोगशाळेतली जागा दुसऱ्याने घेतली. जावई खोलीबाहेर पडेना, लग्न लांबणीवर पडलं. अधूनमधून त्याचा फोन यायचा. “बाबा, पुढचा अल्बम याहून भारी करतो. तुम्ही आहात ना पाठीशी?” ‘दुकानात गिऱ्हाईक आलंय’ असं सांगून बाप फोन ठेवून देई. शुक्रवारमागून शुक्रवार गेले, नवे अल्बम येत राहिले, पण त्याने हेडफोन कानाला लावले नाहीत. झोपेतही त्याला एकच दिसायचं, आपल्या खोटेपणापायी मुलगी अशीच राहिली.

शेवटी एका सकाळी ती कपड्यांना इस्त्री करत असताना तो तिच्यापुढे जाऊन बसला.

“पोरी, मी तुझा संसार मांडायच्या आधीच मोडला. आत्ता जातो, त्याच्या बापाचे पाय धरतो. पोराला दुकानात घेतो, काचा घासायला शिकवतो. पण तुझं लग्न त्याच्याशीच लावून देईन.”

मुलीने इस्त्री बंद केली आणि शर्टाची नीट घडी घातली.

“पाय कशाला धरताय, बाबा? नकार कळवून टाका. कायम नोकरीवाल्या, निर्व्यसनी मुलाला मी काय कारण सांगून नाही म्हणणार होते? आता तो बेकार आहे. आता मला कुणी नावं ठेवणार नाही.”