पाट्या वाचणारी आजी

या, असे पुढे सरका. मागे उभे राहू नका. गोष्ट एवढीशी आहे, मागच्याला पोचेपर्यंत संपून जायची. एका आजीची आहे.

आजी जाऊन आठवडा झाला होता. इमारतीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. हॉल भरला होता, आणि आजीच्या मुलाला नेमकं तेच लागलं होतं. घर सोडावं लागलेल्या बायकांच्या निवाऱ्यात आईने निवृत्त होईपर्यंत काम केलं, भरल्या ताटावरून उठून धावली. आता माणसं येत होती, फोटोसमोर उभी राहत होती, मागच्या रांगांत बसत होती. पण उठून चार शब्द बोलायला कोणी तयार नव्हतं. तुम्ही कोण, विचारलं तर कोणी म्हणे दुकानात भेटायच्या, कोणी म्हणे बसच्या रांगेतली ओळख.

"बसच्या रांगेने एवढा हॉल भरतो होय?" तो लेकीच्या कानात पुटपुटला.

बोलली ती एकटी मैत्रीण, आजीबरोबर रोज सकाळी बागेत फिरणारी. तिला तिची सून हाताला धरून घेऊन आली होती.

"माझ्या पोटात काही राहत नाही," मैत्रीण माईकवर म्हणाली, "आणि हिच्या पोटातून काही निघत नसे. म्हणून आमचं जमलं. सुनेच्या झाडून सगळ्या कागाळ्या मी हिला सांगितल्या. ऐकून घ्यायची आणि म्हणायची, सून गुणाची आहे तुमची. आता तुम्हीच सांगा, बघितल्याशिवाय कसं कळतं?"

लोक हसले. सून मात्र रडायला लागली. डोळे टिपण्यापुरतं नाही, हमसून हमसून.

मैत्रीण माईकसकट वळली. "अगं, तुला काय झालं? तू तर त्यांना कधी भेटलीसुद्धा नाहीस."

ते सगळ्या हॉलने ऐकलं. मुलगा चटकन पुढे झाला. सापडलं एकदाचं कोणीतरी, असं तोंडावर लिहिलेलं. त्याने माईक घेऊन सुनेसमोर धरला. "तुम्ही ओळखत होता आईला? कुठून? सांगा ना."

सुनेने सासूकडे पाहिलं. हातातली घराची किल्ली मुठीत आवळली.

आजीच्या नातीने हा चेहरा पाहिला होता, चपलांच्या दुकानासमोर. ही बाई नवऱ्याबरोबर समोरून येत होती आणि आजी एकदम थांबून म्हणाली होती, ती पाटी वाच बरं. नात तेव्हा कॉलेजात होती. आजी, आता येतं मला वाचता, म्हणाली. येतं ना, मग मोठ्याने वाच. वाचून होईपर्यंत जोडपं पुढे निघून गेलं होतं.

घरात त्याची थट्टा चाले. नातीला अक्षरं आजीने दुकानांच्या पाट्यांवरच शिकवली होती. ती सवय काही सुटत नाही, म्हणायचे. आत्ता थिजलेल्या सुनेकडे बघताना नातीला उलगडा झाला. पाटी लागायची ती समोरून कोणीतरी आलं की. निवाऱ्यातून संसाराला लागलेली बाई आपल्या माणसांना काय सांगून बसलीय, ते आपल्याला काय ठाऊक? ओळख द्यायची तर तिने आधी द्यावी. तोवर आजीला फक्त पाटी दिसायची.

नात उठली. बापाच्या हातातून माईक काढून घेतला.

"बाबा, त्या सासूबाईंना घेऊन आल्यात. सासूच्या तोंडून चारचौघांत 'गुणाची' ऐकलं, रडू नाही यायचं?"

हॉल हसला. मैत्रीणही हसली, आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. सुनेची मूठ सुटली.

मुलगा तेवढा हसला नाही. पण कोणीतरी बोलायला हवं, असं काहीसं म्हणू लागला. नातीने मान वर केली आणि समोरच्या भिंतीवरचं मोठ्याने वाचलं, "कृपया खुर्च्या ओढू नयेत."

त्याला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. इतक्यात मागच्या रांगेतल्या एका बाईने पाटीकडे पाहिलं. मग तिच्या शेजारणीने. मग दाराजवळच्या जोडप्यातल्या एकटीनेच.

मुलगा वळला. रांगाच्या रांगा, आणि त्याच्या नजरेला नजर देणारं कोणी नाही. सगळ्याजणी पाटी वाचत होत्या.

त्याने माईक बंद केला.

तर मंडळी, रस्त्यात कोणी समोर येऊनही तुम्हाला ओळख न देता दुकानाची पाटी वाचत उभं राहिलं, तर शिष्ट म्हणू नका. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या आजीला आठवा.