मिनाज पास

खणकन वाटी फरशीवर पडली आणि दुपारचं शांत घर दचकलं. माझी सहा वर्षांची मिनाज पायजम्याच्या नाडीला वाटी बांधून, ती गळ्यात अडकवून बाहुलीची छाती तपासत होती.

मिनाजच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांची परीक्षा आली, की दवाखान्यातून फोन येतो, अन् आम्ही माय-लेकी ढोकीहून धाराशिवची एसटी धरतो. मुलांनी नळी लावून हिच्या छातीतला आवाज ऐकून आजार ओळखायचा असतो. "आजाराचं नाव सांगायचं नाही हं," मोठे सर आधीच बजावतात. मिनाज नाव सांगत नाही. पण एखाद्यानं घामाघूम होऊन नळी भलतीकडंच टेकवली, तर हळूच म्हणते, "भैया, जरा खाली लावा. तिथं लई मोठा येतोय आवाज."

सरांना हे ठाऊक आहे. निघताना ते तिच्या हातात बिस्किटचा पुडा ठेवतात, पाठीवर थाप मारतात. "शाब्बास! असा स्पष्ट आवाज वर्षात एखादाच मिळतो. मिनाजपण पास!"

आज दवाखान्यातून फोन आला, ऑपरेशनची तारीख मिळाली. दोन वर्षं याच फोनकडं डोळे लावून बसले होते मी. पोरीला मांडीवर ओढून सांगितलं, "आता छिद्र बुजणार बघ. मग छातीतला तो आवाजपण बंद होणार."

ती हसेल असं वाटलं होतं. तिनं गळ्यातली वाटी काढून ठेवली.

 

"अम्मी, मग पुढच्या परीक्षेत मी नापास होणार?"