धुळवडीची दुपार

"तीनच प्रश्न आहेत, सर," मिनल देशकर खुर्चीवर बसत म्हणाल्या. "पण उत्तरांखाली सही लागेल."

देवराव मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. व्हरांड्यात रितिका आणि अर्णव अपूर्णांकांची बेरीज करत होते. उरलेली गणितं घरी सोडवा, छेद सारखा केल्याशिवाय बेरजेला हात लावायचा नाही, असं त्यांनी मुलांना सांगितलं आणि फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत ते थांबले.

मिनलताई दिल्लीच्या चौकशी समितीकडून आल्या होत्या. देशाच्या सर्वांत मोठ्या तपास यंत्रणेचे प्रमुख अंकुश बोरकुटे यांना बडतर्फ करावं की नाही, हे ती समिती ठरवणार होती. महिनाभर वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता. आणि अंकुश हा देवरावांचा एकुलता एक मुलगा होता.

धुळवडीच्या दुपारी अंकुश सिवनीजवळच्या एका विश्रामगृहात फरार व्यापाऱ्याला गुपचूप भेटला, असं तिथला खानसामा सांगत होता. अंकुशचं म्हणणं वेगळं. पहारेकऱ्यांना न सांगता, फोन मुक्कामाच्या खोलीतच ठेवून, कुणाची तरी जुनी गाडी घेऊन तो एकटाच हुडकेश्वरच्या घरी वडिलांना भेटायला आला होता म्हणे. धुळवडीला दुपारी रस्ते ओस, दारं बंद आणि जो दिसेल त्याचं तोंड रंगलेलं. कुणी ओळखणं शक्यच नव्हतं. सांगू शकतील असे एकटे देवराव.

शेजारचे रुपराव सकाळीच येऊन गेले होते. "हो म्हणा न गा मास्तर. वाटलं तं मीबी सही मारतो. मलेबी दिसला म्हणतो."

त्या दिवशी तुम्ही भांग पिऊन अंगणात झोपला होता, याची देवरावांनी आठवण करून दिली.

"म्हणूनच तं," रुपराव म्हणाले. "त्या दिवशी मले कोणीबी दिसू शकत होतं."

देवराव हसले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी मास्तरकी केली होती. दुसऱ्याच्या वहीत पाहून लिहिलेलं उत्तर बरोबर असलं, तरी ते त्याच्यावर काट मारत. हुडकेश्वरात मुलांचं भांडण झालं की आया म्हणत, जा, मास्तरांसमोर बोलून दाखव.

अंकुशचा फोन आदल्या दिवशी आला होता. इकडचं तिकडचं काही न विचारता तो म्हणाला होता, "बाबा, मी घरी होतो, एवढंच सांगा." आणि त्यानं फोन ठेवला होता.

मिनलताईंनी कागद पुढे ओढले. "पहिला प्रश्न, ते आले होते का? आले असतील तर दुसरा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत होते? आणि तिसरा, तेवढ्या वेळात घरात काय काय झालं, कोण आलं, कोण गेलं? तो भाग मात्र बारीकसारीक लिहून घ्यावा लागतो. त्यात काही राहून गेलं, तर पुढे तुम्हालाच त्रास होईल."

"आणि पहिल्याचंच उत्तर नाही असलं तर?"

मिनलताईंनी मान वर केली. "मग पुढचं विचारायचं कारणच उरत नाही."

कूलर घरघरत होता. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. देवरावांनी खडूनं पांढरी झालेली बोटं पायजम्याला पुसली, मग परत पुसली. वडिलांवर सक्ती नाही, हवं तर उद्या येते, असं मिनलताई हळूच म्हणाल्या. देवरावांनी नकारार्थी मान हलवली. उद्याही प्रश्न तोच असणार होता.

"नाही," ते म्हणाले. "अंकुश त्या दिवशी आला नव्हता."

मिनलताईंचं पेन थांबलं. "सर, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?"

"कळतो."

त्यांनी सही केली. खाली तारीख घालायची राहिली होती, तीही त्यांनी स्वच्छ अक्षरात घातली.

चौथ्या दिवशी बडतर्फीचा हुकूम निघाला. एका वर्तमानपत्रानं मास्तरांचा फोटो पहिल्या पानावर छापला. रितिकाची आई येऊन त्यांच्या पाया पडली आणि आणखी तीन घरची मुलं शिकवणीला येऊ लागली. रुपरावांनी मात्र बोलणं टाकलं. कुंपणापलीकडून ते एकदाच म्हणाले, "मास्तर, तत्त्वं लोकायच्या पोरांसाठी ठेवा लागत होती." त्या संध्याकाळी फळ्यावर देवरावांची साधी बेरीज चुकली. अर्णवनं ती दाखवून दिली.

रविवारी दुपारी अंकुश आला. मागे गाड्या नव्हत्या, पहारा नव्हता. दाढी वाढलेली. देवरावांनी पाण्याचा गडवा पुढे ठेवला. त्यानं हात लावला नाही.

अंकुश म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी याच घरात होतो. तुम्ही मले दुधात पुरणपोळी कुस्करून दिली, ती खाल्ली. त्या व्यापाऱ्याले मी जन्मात पाह्यलं नाही." त्यानं गडवा बाजूला सारला. "मग तुम्ही खोटं काहून बोलले?"

"खरं बोललो असतो, तं तुले भेटाले इथं तुह्या हाताखालचा कोणता अधिकारी आलता, तेबी सांगा लागलं असतं," देवराव म्हणाले. "कोठडीत मेलेल्या माणसाले 'पळून गेला' म्हणून लिहा, असं तू त्याले सांगून राहिला होता, तेव्हा मी चहा घेऊन दाराशीच उभा होतो."