ओठांची बोली

ज्या कापड गिरणीने नवऱ्याची छाती खाल्ली, ती बंद पडून तिच्यात घरं झाल्यावर म्हातारीने भांडून तिथेच स्वस्तातलं घर मिळवलं.

"जुन्या भिंती जशाच्या तशा जपल्यात," इंजिनियर मिरवत म्हणाला.

"आणि माणसं रे?"

आठवड्याने भांडी घासताना सून आवाज न काढता, ओठ ताणून बोलू लागली. मागांच्या खडखडाटात विणकर बोलायचे, अगदी तशी. म्हातारी ती बोली नवऱ्याकडून शिकली होती. सुनेने तर माग कधी पाहिलाही नव्हता.

"मिठाची गुळणी धरलीस का गं?"

"ऐकू येत नाही, सासूबाई," सुनेचे ओठ हलले. "केवढा हा खडखडाट."

घर चिडीचूप होतं.

म्हातारीने भिंतीवर मूठ आपटली. "सटवे, नवरा गिळलास, हिला तरी सोड," ती घसा फोडून ओरडली.

सून तिचे ओठ वाचत होती. म्हातारीला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही.