डावखुऱ्या वेली

सांतोरिनीला बोटीतून उतरल्यापासून इस्मिनी एकटीच भिरभिरत होती. समुद्र पाहून झाला, वाइन चाखून झाली. राहिला होता तो द्राक्षमळा, जिथे वसंतात वारलेली तिची आई लग्नाआधी वेली वळायची. इथल्या वाऱ्यात वेल उभी टिकत नाही, म्हणून छाटताना ती जमिनीलगत टोपलीसारखी वळतात. तिथे पोचून आईचं नाव सांगताच मळ्याची म्हातारी मालकीण हसली. “अनेझिनी? ती डावखुरी बया? सगळ्यांच्या टोपल्या उजवीकडे वळायच्या, हिच्या डावीकडे. माझा नवरा कपाळ बडवायचा.” “मग उपटल्या?” इस्मिनीनं घाईनं विचारलं. “फळणारी वेल कोण उपटतं? एकदा लागलेलं वळण ती सोडते होय? जा, शोध.” ती रांगांमधून पळत सुटली. उजवी, उजवी, मग डावी. पुढे अख्खी रांग डावी, घडांनी लगडलेली. “मावशी,” ती तिथूनच ओरडली, “छाटणी कधी असते?” “थंडीत. का, आणखी वाकडं करायचंय?”