दगडूचं नाव

दगडू गेला तेव्हा भावकीनं पिकअपची चावी मोठ्या मायेनं त्याच्या मुठीत ठेवली आणि सरणाबरोबर जाळली. आता मळ्यात टोमॅटो सडायला लागले, तरी गाडी जागची हलेना. अलीकडच्या गाड्या माणसाला जीव लावतात. मालक गेल्याचं घरच्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय नवी चावी घेत नाहीत.

चावीवाल्या इस्माईलभाईनं नवी चावी जोडली.

“मालक कुठायत?” गाडीनं विचारलं.

दगडूची बायको शेवंता पदर सावरत म्हणाली, “हे गेले.”

“हे म्हणजे कोण? नाव सांगा.”

चाळीस वर्षांच्या संसारात शेवंतानं नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, तेही उखाण्यात.

“घ्या वहिनी,” इस्माईलभाई म्हणाला, “आता रागवायला तो नाही.”

तिनं डोळे मिटले. “दगडू मेला.”

 गाडी म्हणाली, “नीट ऐकू आलं नाही. परत सांगा.”

“मेलीचे कान फुटलेत का?” शेवंता रडतच ओरडली.

“कान शाबूत आहेत, वहिनी,” इस्माईलभाई म्हणाला. “ कोसभरावरून दगडूची शीळ ऐकून दिवे लावायची ही.”

शेवंतानं बॉनेटवर हात ठेवला आणि पुन्हा नाव घेतलं, या खेपेला हळू, लेकराला सांगावं तसं.