बाबांची घाई

बाबा गेल्यावर लेकीने त्यांची गाडी चालवायला घेतली, तर ती मेली वळणावर बंद पडायची, सिग्नलला थांबली की बंद पडायची. मागच्यांच्या शिव्या खाऊन कंटाळलेली लेक शेवटी आईला शेजारी बसवून गॅरेजात आली.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं. "हवेची वाट काजळीने बुजलीये. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन गुदमरतं. जुनं दुखणं आहे, ताई."

"छे! यांच्या हातात एकदाच बंद पडली होती, भर चौकात," आई म्हणाली. "मी केवढी घाबरले होते तेव्हा. नंतर कधीच नाही. गॅरेजचा तर यांना भारी कंटाळा. आणि घाई केवढी! ब्रेक दाबून उभे असले तरी ॲक्सिलरेटरवर पाय, घूं घूं चालूच. जन्मभर ओरडले मी त्यावरून."

"घाई नव्हती हो, काकू. तुम्ही पुन्हा घाबरू नये म्हणून इंजिन जागं ठेवत होते."



परतताना पहिल्याच सिग्नलला दुरुस्त झालेली गाडी अगदी शहाण्यासारखी, आवाज न करता उभी राहिली. लाल दिव्याकडे बघत आई हळूच म्हणाली, "जरा घूं घूं कर ना गं."